कॅरिबसी ‘स्पेशल ग्रेड’ : खाऱ्या पाण्याच्या टाकीला ही वाळू नेमकी किती लागते

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाच्या तळाशी घालण्यासाठी आपल्याकडे ज्या आयात वाळू मिळतात, त्यांत अमेरिकेतील कॅरिबसी या कंपनीची ‘स्पेशल ग्रेड’ ही कोरडी अ‍ॅरॅगोनाइट वाळू मला सर्वांत भरवशाची वाटते. तिचे दाणे एकसारखे असतात, रंग मळकट न वाटता मऊ दुधी दिसतो, आणि वेव्हमेकरचा (पाण्यात प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपाचा) जोर असलेल्या टाकीतही ती बऱ्यापैकी जागच्या जागी राहते. परंतु या वाळूबद्दल लिहायचे तर केवळ तिच्या गुणांवर थांबून चालणार नाही, कारण ती विकत घेताना बहुतेकांचा गोंधळ होतो तो प्रमाणात. पिशवी पौंडांत, टाकी लिटरमध्ये आणि दुकानातला सल्ला गॅलनमध्ये, अशी तीन मापे एकत्र आली की माणूस अंदाजाने एखादी पिशवी जास्तच उचलतो. ही वाळू आयात असते, वजनदार असते आणि तिच्या किमतीत वाहतुकीचा मोठा वाटा असतो. शिवाय उघडलेली पिशवी सहसा कुणी परत घेत नाही. म्हणून या परीक्षणात मी गुणदोषांइतकीच जागा हिशेबाला देणार आहे.

प्रथम वस्तूविषयी. ‘स्पेशल ग्रेड’ ही वाळू ४० पौंडांच्या, म्हणजे १८.१४ किलोच्या पिशवीत मिळते. १५ पौंडांची लहान पिशवीही असते. दाण्याचा आकार साधारण १ ते २ मिलिमीटर. अ‍ॅरॅगोनाइट हे कॅल्शियम कार्बोनेटचेच एक स्फटिकरूप असून प्रवाळांचे सांगाडे आणि अनेक शिंपले त्याचेच बनलेले असतात. त्याची घनता घनसेंटिमीटरला सुमारे २.९३ ग्रॅम, म्हणजे नदीच्या वाळूतील क्वार्ट्‌झपेक्षा (२.६५) जास्त असते. पण ही झाली दगडाची घनता. दाण्यांच्या मधे हवेची जागा असल्यामुळे एक लिटरच्या मापात कोरडी वाळू भरून, माप हलकेच ठोकून बसवले आणि वजन केले, तर ते सुमारे दीड किलो भरते. याचा अर्थ असा की मापातली जवळजवळ निम्मी जागा रिकामीच असते आणि टाकीत गेल्यावर तिथे पाणी शिरते. हिशेबाला उपयोगी पडतो तो हा दीड किलोचा आकडा. दाण्याचा आकार, आकारांची सरमिसळ आणि वाळू किती दाबली गेली यांनुसार तो थोडा इकडेतिकडे होतो, म्हणून पिशवी फोडल्यावर स्वयंपाकघरातील मापाने आणि वजनकाट्याने तो एकदा स्वतः तपासून घ्यावा. या कामाला काही मिनिटे लागतात आणि पुढची सगळी आकडेमोड त्यावर उभी राहते.

आता नियमाकडे वळू. ‘गॅलनला एक पौंड वाळू’ हा ठोकताळा या छंदात जगभर सांगितला जातो आणि आपल्याकडील दुकानांतही तोच ऐकू येतो. अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा आणि पौंड ४५३.६ ग्रॅमचा, म्हणजे हा नियम लिटरमागे साधारण १२० ग्रॅम वाळू घाला असे सांगतो. वरवर पाहता तो निरुपद्रवी वाटतो. पण वाळू टाकीच्या तळावर पसरते, आणि टाकीतले एकूण पाणी ठरते ते तळाच्या क्षेत्रफळाला उंचीने गुणून. पाण्याच्या प्रमाणात वाळू घेतली की क्षेत्रफळ दोन्ही बाजूंनी निघून जाते आणि थराची जाडी केवळ टाकीच्या उंचीवर ठरते. लिटरला दीड किलो हा आकडा धरला, तर या नियमाने पडणारा थर टाकीच्या उंचीच्या आठ टक्के भरतो. उंची ३० सेंटिमीटर असलेल्या उथळ टाकीत तो २.४ सेंटिमीटर होईल, ४५ सेंटिमीटरच्या टाकीत ३.६ आणि ६० सेंटिमीटरच्या उंच टाकीत ४.८. माशाला, गोगलगायीला किंवा वाळूतल्या जिवाणूंना टाकी किती उंच आहे याच्याशी काहीही देणेघेणे नसते. त्यांच्यासाठी थराची जाडी महत्त्वाची असते, आणि ती ठरवायचा अधिकार हा नियम आपल्याकडून काढून टाकीच्या काचा कापणाऱ्याला देतो.

म्हणून हिशेब उलट्या बाजूने करावा. आधी थर किती जाड हवा ते ठरवावे, मग तळाचे आतले क्षेत्रफळ मोजावे, आणि त्यातून खडकांनी व्यापलेली जागा वजा करावी. शेवटच्या दोन गोष्टी बहुतेक जण विसरतात, म्हणून त्या उदाहरणानेच सांगतो. आपल्याकडे सर्रास बनवून घेतली जाणारी तीन फुटी टाकी घ्या : बाहेरून ९० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटर, काच १० मिलिमीटर. आतून तळ भरतो ८८ बाय ४३, म्हणजे ३,७८४ चौरस सेंटिमीटर. खडक वाळूवर न ठेवता थेट तळावर टेकवणे केव्हाही सुरक्षित असते, कारण गोबीसारखे वाळू उपसणारे मासे आणि पिस्टल कोळंबी खडकाखालची वाळू काढून टाकतात आणि वरची रचना कोसळू शकते. खडक तळावर टेकले की तेवढ्या जागेत वाळू लागत नाही. कागदावर टाकीच्या तळाची आकृती काढून त्यावर खडक मांडून पाहिले आणि त्यांनी ७०० चौरस सेंटिमीटर जागा घेतली असे धरू, तर उरतात ३,०८४. तीन सेंटिमीटरच्या थरासाठी याचे घनफळ होते ९.२५ लिटर, आणि लिटरला दीड किलोप्रमाणे वजन होते जेमतेम १४ किलो. ‘स्पेशल ग्रेड’ची एक मोठी पिशवी १८.१४ किलोची, म्हणजे ती पुरते आणि वर चार किलो उरतात. सगळीच पसरली तर थर ३.९ सेंटिमीटरपर्यंत जातो. याच टाकीचे बाहेरच्या मापाने पाणी १८२ लिटर, म्हणजे ४८ गॅलन धरून ठोकताळा लावला, तर ४८ पौंड वाळू सांगितली जाते. ती एका पिशवीत बसत नाही, म्हणून ग्राहक दुसरी पिशवी घेतो आणि तिच्यातली बरीचशी वाळू माळ्यावर पडून राहते. तीन फुटी टाकीला एक पिशवी पुरेशी आहे हे या वाळूबद्दल सांगण्यासारखे पहिले महत्त्वाचे आहे, आणि पिशवीवर पौंडांबरोबर लिटरमधले घनफळही छापले असते तर ते सांगावे लागले नसते.

थर किती जाड असावा हा प्रश्न अधिक गंभीर आहे आणि त्याला एकच उत्तर नाही. खाऱ्या पाण्याच्या छंदाच्या इतिहासात या विषयावर अगदी विरुद्ध टोकाच्या पद्धती होऊन गेल्या आहेत. ‘बर्लिन पद्धती’त भर लाइव्ह रॉकवर (जिवाणू आणि लहान जीव वसलेल्या खडकावर) आणि स्किमरवर (फेसाबरोबर पाण्यातला मळ बाहेर काढणाऱ्या यंत्रावर) होता आणि तळ बहुधा उघडाच ठेवला जाई. मोनॅकोत काम केलेल्या जाँ जोबेर यांच्या पद्धतीत तळाशी जाळीखाली पाण्याची पोकळी ठेवून तिच्यावर जाड थर घातला जाई. पुढे अमेरिकेत सागरी जीवशास्त्रज्ञ रॉन शिमेक यांनी बारीक वाळूच्या खोल थराचा जोरदार पुरस्कार केला. खोल थरामागचा विचार असा की वाळूच्या आतल्या भागात प्राणवायू पोचत नाही, तिथे वेगळे जिवाणू वाढतात आणि ते नायट्रेटचे रूपांतर नायट्रोजन वायूत करतात. हे रसायन खरे आहे. मात्र त्यासाठी थर साधारण १० सेंटिमीटर किंवा त्याहून जाड हवा, वाळू बारीक हवी आणि तिच्यात कृमी व लहान जीव यांची वस्ती टिकायला हवी. आपल्या उदाहरणातल्या टाकीला १० सेंटिमीटरसाठी सुमारे ४६ किलो वाळू लागेल, म्हणजे तीन पिशव्या, आणि टाकीच्या उंचीतला पावपेक्षा थोडा कमी भाग वाळूतच जाईल. ‘स्पेशल ग्रेड’चा दाणा यासाठी फार जाड आहे, १ ते २ मिलिमीटरच्या दाण्यांतून पाणी खोलवर शिरते आणि त्याच्याबरोबर उष्टे अन्न व विष्ठाही शिरते. ज्यांना खोल थरच करायचा असेल त्यांनी ही पिशवी घेऊ नये, त्याच कंपनीची बारीक दाण्याची वाळू पाहावी. जाड दाण्याच्या खोल थरात मळ साचत जातो, त्यात हायड्रोजन सल्फाइड तयार होऊ शकतो, आणि असा थर पुढे कधी एकदम उपसला तर कुजक्या अंड्यांच्या वासाचा तो विषारी वायू पाण्यात मिसळून मासे दगावण्याचा धोका असतो.

माझे मत असे की घरगुती टाकीत, विशेषतः स्किमर आणि नियमित पाणीबदल यांवर चालणाऱ्या टाकीत, दोन ते चार सेंटिमीटरचा उथळ थर ठेवावा आणि पाणी बदलताना तो पाळीपाळीने थोडाथोडा सायफनने धुवावा. या कामात ‘स्पेशल ग्रेड’ उत्तम ठरते. सायफनच्या नळीत दाणे उसळतात, त्यांच्यातला मळ पाण्याबरोबर निघून जातो आणि दाणे पुन्हा खाली बसतात. साखरेइतकी बारीक वाळू मात्र मळाबरोबर बादलीत येते. वेव्हमेकरचा झोत तळाकडे वळला की बारीक वाळूत खड्डे पडतात आणि कोपऱ्यात ढीग जमतो, या वाळूत तसे सहसा होत नाही. दर काही महिन्यांनी थोडी वाळू सायफनमधून जाते किंवा खडकांच्या फटींत अडकते, त्यासाठी ते चार किलो जपून ठेवावेत.

याला अपवाद आहेत आणि ते मासे निवडण्याआधीच लक्षात घ्यायला हवेत. पिवळा कोरिस रॅस म्हणून विकला जाणारा हॅलिकोएरेस क्रायसस हा मासा आणि त्याच्या जातकुळीतले इतर रॅस रात्री वाळूत शिरून झोपतात, घाबरले तरी वाळूतच शिरतात. त्यांना तीन सेंटिमीटर अपुरे पडतात. पाच तरी हवेत, आणि त्यांच्यासाठी थोडा बारीक दाणा अधिक सोयीचा. आपल्या टाकीत पाच सेंटिमीटर म्हणजे २३ किलो, म्हणजे एक पिशवी कमी पडेल. सगळीकडे सारखा थर न घालता पुढचा भाग दोन सेंटिमीटर आणि मागचा एक कोपरा सहा सेंटिमीटर असा उतार दिला, तर एका पिशवीतही हे जमू शकते, मात्र त्या कोपऱ्यावर झोत पडणार नाही अशी वेव्हमेकरची मांडणी हवी. बीळ करून उभे राहणारे जॉफिश ठेवायचे असतील तर हिशेब पुन्हा वेगळा होतो, कारण त्यांना बारीक-जाड मिश्रणाचा दहा सेंटिमीटरच्या वरचा थर लागतो. नासारियस गोगलगायी मात्र तीन सेंटिमीटरमध्येही छान पुरून राहतात आणि अन्नाचा वास लागताच वर येतात. उथळ थराची राखण करायला त्यांच्याइतका उपयोगी जीव दुसरा नाही.

आता कॅरिबसीच्याच ओल्या, ‘जिवंत’ वाळूविषयी, कारण दुकानात दोन्ही शेजारीशेजारी ठेवलेल्या असतात आणि निवड तिथेच करावी लागते. ‘अ‍ॅरॅग-अलाइव्ह’ या नावाच्या पिशव्यांत जिवाणूंसह ओली वाळू येते. ‘फिजी पिंक’ हा तिच्यातला लोकप्रिय प्रकार, दाणा अर्ध्या ते दीड मिलिमीटरचा, रंग किंचित गुलाबी. दिसायला ती निःसंशय सुंदर आहे. पण २० पौंडांच्या, म्हणजे ९.०७ किलोच्या पिशवीचे वजन पाण्यासकट धरले, तर हिशेब बदलतो. दाण्यांमधली जागा पाण्याने भरली की एक लिटर वाळू जवळजवळ दोन किलो भरते, म्हणजे अशा पिशवीतून साडेचार लिटरच थर मिळतो. आपल्या तीन फुटी टाकीत एका पिशवीने दीड सेंटिमीटर आणि दोन पिशव्यांनी तीन सेंटिमीटर होतील. तेवढ्याच पौंडांची कोरडी वाळू जवळजवळ चार सेंटिमीटर देते. ओल्या वाळूतील जिवाणू उपयोगी असतात, पण त्यांच्या भरवशावर पहिल्याच दिवशी मासे सोडणे योग्य नाही. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येऊन स्थिर झाल्याची चाचणी दिसेपर्यंत थांबावेच लागते, वाळू कोरडी असो की ओली. त्यामुळे जाणकार मित्राच्या निरोगी टाकीतली ओंजळभर वाळू किंवा बाटलीबंद जिवाणू कोरड्या वाळूत मिसळले, तर खर्च बराच कमी होतो आणि परिणामात मला फारसा फरक जाणवलेला नाही.

अ‍ॅरॅगोनाइट वाळूच्या जाहिरातींत सामू ८.२ च्या आसपास टिकून राहण्याचा उल्लेख नेहमी असतो. त्याकडे थोडे सावधपणे पाहावे. समुद्राच्या पृष्ठभागाचे पाणी अ‍ॅरॅगोनाइटने आधीच अतिसंपृक्त असते आणि नीट चालणाऱ्या टाकीतले पाणीही तसेच असते, त्यामुळे उघड्या पाण्यात हे दाणे विरघळत नाहीत. विरघळतात ते वाळूच्या आत, जिथे जिवाणूंच्या श्वसनामुळे कार्बन डायऑक्साइड साठतो आणि सामू बराच खाली येतो. तीन सेंटिमीटरच्या थरात हे प्रमाण अल्प असते. प्रवाळ वाढवणाऱ्या टाकीची कॅल्शियम आणि क्षारतेची (म्हणजे खारटपणाची नव्हे, अल्कलिनिटीची) गरज त्यातून भागत नाही. वाळूवर विसंबून चाचण्या थांबवू नयेत. उलट दुसरी गोष्ट लक्षात ठेवावी : क्षारता वाढवणारी रसायने एकदम जास्त टाकली, तर पाण्यातले कॅल्शियम कार्बोनेट दाण्यांवर बसते आणि वाळूचे ढेकूळ बनतात. नव्या टाकीत मीठही वाळूवर न ओतता वेगळ्या बादलीत आर.ओ. पाण्यात पूर्ण विरघळवून मग घालावे, तेही याच कारणाने.

मिठाचा विषय निघालाच आहे तर वाळूच्या हिशेबाचा आणखी एक उपयोग सांगतो. १८.१४ किलो अ‍ॅरॅगोनाइट, दाण्यांमधली जागा वगळून, ६.२ लिटर पाणी बाजूला सारते. खडकही तसेच सारतात. टाकीच्या मापावरून मीठ मोजले तर ते तेवढ्या प्रमाणात जास्त पडते, आणि माशांची औषधे पूर्ण मापाने दिली तर तेही. टाकी पहिल्यांदा भरताना बादल्या मोजून प्रत्यक्ष लिटर लिहून ठेवावेत.

कोरडी वाळू धुवावी लागते आणि या वाळूलाही ते चुकत नाही. दाणे एकमेकांवर घासून झालेली पांढरी भुकटी प्रत्येक अ‍ॅरॅगोनाइट वाळूत असते. दोन-तीन किलोच्या हप्त्यांनी बादलीत घेऊन, नळाच्या पाण्यात हाताने ढवळून गढूळ पाणी ओतत राहावे आणि शेवटचे पाणी आर.ओ.चे घ्यावे. ‘स्पेशल ग्रेड’ जाड असल्यामुळे लवकर स्वच्छ होते. बारीक वाळूला याच्या कितीतरी पट पाणी आणि धीर लागतो. ओली जिवंत वाळू मात्र धुवायची नसते. टाकीत आधी खडक, मग वाळू, आणि वाळूवर एखादी ताटली ठेवून तिच्यावर हळूहळू पाणी, असा क्रम ठेवला तर पाणी लवकर निवळते. पहिल्या काही आठवड्यांत वाळूवर तपकिरी थर येतो, तो डायटम या एकपेशीय शैवालाचा असतो आणि बहुधा आपोआप ओसरतो. त्यासाठी वाळू बदलण्याची गरज नाही.

किंमत पाहून अनेक जण दोन पर्यायांकडे वळतात आणि दोन्हींविषयी माझा विरोध आहे. पहिला पर्याय कोकणच्या किनाऱ्यावरची वाळू. आपल्या किनाऱ्यांवरच्या वाळूत सिलिका भरपूर असते, रत्नागिरीच्या बाजूला तर लोह आणि टायटॅनियम असलेल्या इल्मेनाइटची काळी वाळू प्रसिद्धच आहे. तिच्यात शिंपल्यांचे तुकडे असल्यामुळे व्हिनेगर टाकल्यावर ती थोडी फसफसते आणि माणूस फसतो. पण बाकीच्या दाण्यांत काय आहे आणि जवळच्या खाडीतून त्यात काय मिसळले आहे हे त्या फसफसण्यावरून कळत नाही. किनाऱ्यावरून वाळू उचलण्यावर निर्बंध आहेत ते वेगळेच. दुसरा पर्याय नाव नसलेल्या पिशवीतून सुटी विकली जाणारी ‘कोरल सँड’. तिचे तुकडे बऱ्याचदा चार-पाच मिलिमीटरचे असतात, त्यांच्या फटींत मळ साचतो, आणि ती कुठून आली हे विकणाराही सांगू शकत नाही. भारतातील खडकबांधणी करणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ज्या छंदाचे सारे सौंदर्य प्रवाळांवर उभे आहे, त्यासाठी आपल्याच किनाऱ्यावरचे प्रवाळ भरडले जात असल्याची शंकासुद्धा मला सहन होत नाही. मूळ स्थान आणि प्रतवारी छापलेली बंद पिशवीच मागावी आणि ती नसेल तर थांबावे.

दोन फुटी टाकीसाठी, म्हणजे ६० बाय ३० सेंटिमीटरच्या तळासाठी, आतले माप साधारण १,६५० चौरस सेंटिमीटर धरून खडक वजा केल्यावर तीन सेंटिमीटरला सुमारे सहा किलो लागतात. तिथे १५ पौंडांची, म्हणजे ६.८ किलोची लहान पिशवी अगदी बेताची बसते. चार फुटी टाकीत, १२० बाय ४५ च्या तळाला, खडकांची जागा सोडून सुमारे १९ किलो होतात, तिथे एका मोठ्या पिशवीत तीन सेंटिमीटरला जरासेच कमी पडते. दुसरी पिशवी घेण्यापूर्वी तेवढ्यावर टाकी चालू करून पाहावी, कारण नंतर वाळू वाढवणे सोपे असते : धुतलेली वाळू पी.व्ही.सी. पाइपच्या वरच्या तोंडातून हळूहळू सोडली की ती तळाशी हव्या त्या जागी उतरते आणि पाणीही फारसे गढूळ होत नाही.